पाच चाळीसची गाडी

चिखलीच्या बसस्टँडवर ज्याची एकदा तरी गाडी चुकली आहे, त्यानं पुंजाजी वायाळला एकदा तरी शिवी दिलेली आहे. मी पंचवीस वर्षं देत होतो. तेव्हा या माणसाविषयी माझ्या हातून काही गोड लिहून होईल अशी आशा कुणी ठेवू नये. तो माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, त्याला अहो-जाहो करायला पाहिजे हे मलाही कळतं. तोंडावर करायचो. लिहिताना करणार नाही.

पुंजाजी एसटीत कंट्रोलर होता. म्हणजे चौकशीच्या खिडकीमागं बसून गाड्यांच्या वेळा लिहायच्या, माईकवर फलाट पुकारायचे आणि गाडी सोडायची. मूळचा दुसरबीडकडचा. आधी कंडक्टर होता, मग परीक्षा देऊन त्या खुर्चीवर बसला आणि तिथंच त्याचे केस पांढरे झाले. खुर्ची एवढीशी, पण रुबाब कलेक्टरचा. गाडी सहा दहाची म्हणजे सहा दहाचीच. एखादी म्हातारी पिशवी सावरत फाटकातून पळत येतेय, हात हलवतेय, हा जाळीतून तिच्याकडं बघायचा, मग मनगटावरच्या घड्याळाकडं बघायचा आणि कंडक्टरला निघायची खूण करायचा. कुणी भांडायला गेलं तर उत्तर ठरलेलं. "गाडी गेली. पुढची सव्वासातले."

माझं त्याचं भांडण दोन हजार सालचं. मी तेव्हा वीस वर्षांचा. बुलडाण्याला पोलीस भरती होती आणि मी वर्षभर गावच्या पांदण रस्त्यावर धावत होतो. माझ्या जोडीला हिंमत, माझा बालमित्र. ग्राउंडचं गेट साडेसहाला बंद होणार होतं, म्हणजे चिखलीहून पाच चाळीसची गाडी गाठणं भाग होतं. हिंमत आदल्या दिवशीच चिखलीत मावशीकडं मुक्कामाला गेला. मी सकाळी गावाहून दुधाच्या गाडीवर निघालो. स्टँडच्या फाटकाशी उतरलो तर एसटीचे लाल दिवे वळणावर दिसत होते. मी खिडकीकडं पळालो. म्हटलं, साहेब, आत्ताच निघाली, कुणाला तरी थांबवायला सांगा. पुंजाजीनं मान वर केली नाही. "गाडी गेली," म्हणाला.

पुढच्या गाडीनं मी पोचलो तेव्हा गेटला कुलूप होतं. आतून शिट्ट्या ऐकू येत होत्या. हिंमत त्याच दिवशी पास झाला, आज तो हवालदार आहे. पुढची भरती निघेपर्यंत माझं लग्न झालं होतं आणि एक गुडघा कामातून गेला होता. मी मंडपाच्या धंद्यात शिरलो. मुलगी झाली तेव्हा तिच्या नावानं पाटी लावली, मयुरी मंडप अँड साउंड. धंदा बरा चालला, नाही असं नाही. पण खाकी वर्दीतला हिंमत समोर आला की मला तो लाल दिवा दिसायचा. आणि मी छातीठोक सांगायचो की पुंजाजीनं ती गाडी दोन मिनिटं आधी सोडली होती. इतक्या वेळा सांगितलं की माझ्या घड्याळातही तेव्हा पाच अडतीस झाले होते असं मला आठवायला लागलं.

दोन वर्षांपूर्वी तो रिटायर झाला. हार, शाल, नारळ, फोटो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंघोळ करून, भांग पाडून परत स्टँडवर आला. बाकावर बसला. नवा कंट्रोलर चार दिवस 'या साहेब' म्हणाला. पाचव्या दिवशी यानं खिडकीत डोकं घालून 'मेहकर तीन मिनिटं लेट सोडली तुम्ही' असं सांगितलं, तेव्हा त्यानं हात जोडले. त्या दिवसापासून पुंजाजी काम शोधायला लागला.

अर्थात काम देणार कोण? अख्ख्या तालुक्याला यानं कधी ना कधी फलाटावर उभं ठेवलेलं. कापसाच्या जिनिंगच्या गेटवर माणूस पाहिजे होता, तिथल्या मालकानं याला पाहिलं आणि म्हणाला, "तुमी मले अडीच तास उन्हात बसवलं होतं, साहेब. आता जरा तुमी फिरा." एका शाळेला बसवर देखरेखीला कुणीतरी पाहिजे होतं, तिथल्या सेक्रेटरीच्या बापाची गाडी चुकलेली निघाली. एका खासगी दवाखान्यात पेशंटचे नंबर पुकारायचं काम मिळालं, ते दोन दिवस टिकलं. डॉक्टर उशिरा आले म्हणून यानं हॉलमध्ये उभं राहून मोठ्यानं सांगितलं, "डॉक्टरसाहेब एक तास दहा मिनिटं उशिरानं धावत आहेत." पेशंट हसले. डॉक्टर हसले नाहीत.

हे सगळं मला चहाच्या टपरीवर बसल्या बसल्या कळायचं आणि मी दुसरा चहा मागवायचो. खोटं कशाला बोलू? मला बरं वाटायचं.

मग एक दिवस तो माझ्याच गोडाऊनवर आला. दहाला येतो म्हणून फोन केला होता, दहाच्या ठोक्याला दारात. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. आमच्याकडं लग्नात माईकवर बोलणारे रंगराव गुरुजी पोराकडं कायमचे राहायला गेले होते आणि ती जागा रिकामी होती. माईकवाला म्हणजे लग्नाचा अर्धा जीव. पाहुण्यांचं स्वागत करायचं, फेट्यासाठी नावं पुकारायची, नवरदेवाला मारोतीच्या देवळातून मंडपात बोलवायचं, मामाला सांगून नवरी आणवायची, आणि मग भटजींच्या हातात माईक द्यायचा.

"काऊन करता हे काम?" मी विचारलं. "पेन्शन असन ना."

"पेन्शन कायची, भाजीपाल्यापुरती. पण पैशाचं नाही," तो म्हणाला. "पोरगा हर्षल पुण्याले बोलावते. गेलो होतो महिनाभर. तिथं मले कोणी विचारत नाही. शेखरभाऊ, मले सकाळी कपडे घालून निघाले काम पाहिजे. घरात मी अन् बायको कोकिळा, दोघंच. बसलो त मी येडा होईन."

तो मला ओळखत नव्हता. माझी गाडी, माझं गेट, माझी भरती, त्याच्या हिशेबी मी कुणीच नव्हतो. त्याचाच मला जास्त राग आला. आणि त्याच क्षणी मी ठरवलं की याला ठेवायचा. याला थांबायला शिकवायचं.

कारण आमच्याकडं लग्न वेळेवर लागत नाही. पत्रिकेत बारा पस्तीस छापलेलं असतं, पण बारा पस्तीसला नवरदेवाचे मित्र डीजेपुढं लोळत असतात आणि मुलीचा बाप पुढाऱ्याच्या ड्रायव्हरला फोन लावत असतो. पुढारी येतात, दोन शब्द बोलतात, मग अक्षता. दाट तिथी असली की एकेका पुढाऱ्याला दहा-बारा लग्नं. तोपर्यंत माईकवाल्यानं दर पाच मिनिटांनी गोड आवाजात म्हणायचं, थोड्याच वेळात विवाह संपन्न होत आहे. गुरुजी मध्ये मध्ये शेरोशायरी करायचे.

पहिलं लग्न अमडापूर रस्त्यावरच्या एका लॉनवर. पुंजाजीनं माईक हातात घेतला, घसा खाकरला. "कृपया लक्ष द्या." आठशे माणसांनी एकदम माना वर केल्या. एक बाई तर पिशवी घेऊन उठूनच उभी राहिली. तोच आवाज! तालुक्यातल्या प्रत्येकानं तो आयुष्यभर कान टवकारून ऐकलेला. लोक हसले, पण गप्प बसले, आणि मंडपात लोक गप्प बसलेले मी प्रथमच पाहत होतो.

बारा पस्तीस झाले. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी हातानं थांब म्हटलं. पुढारी यायचे होते. एक वाजला. मी म्हटलं, बोला काहीतरी, थोड्याच वेळात म्हणा. त्यानं माईक तोंडाजवळ नेला. "कृपया लक्ष द्या. बारा पस्तीसचा विवाह अंदाजे दीड तास उशिरानं लागेल. कारण, प्रमुख पाहुणे अद्याप निघाल्याची माहिती नाही."

मंडपात हशा पिकला. मुलीचा बाप माझ्या अंगावर आला. मी पुंजाजीला मंडपामागं नेलं, भांडी घासत होते तिथं, आणि इतक्या वर्षांचं साचलेलं त्याच्यावर ओतलं. "हे स्टँड नाही तुमचं. इथं मी सांगन ते बोलाचं. नाहीतर उद्यापासून बसा घरी, कोकिळावहिनीसंग लसूण सोलत."

"मी खोटं कसं पुकारू, भाऊ?"

"मग नका पुकारू. घरी जा."

तो उभा राहिला. बायका परातीत राख टाकत होत्या, त्यांच्याकडं पाहत राहिला. मग माईकपाशी गेला आणि म्हणाला, "थोड्याच वेळात विवाह संपन्न होत आहे." आवाज जरासा चिरकला. मला जे वाटलं ते लिहायला लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं. पोलीस झालो असतो तरी इतका आनंद झाला नसता.

दोन हंगाम मी त्याला हे म्हणायला लावलं. देऊळगाव राजापासून मेहकरपर्यंत, शंभरेक लग्नांत. तो म्हणायचा. खिशात एक डायरी ठेवायचा आणि प्रत्येक लग्नाची ओळ लिहायचा, पत्रिकेतली वेळ, लागल्याची वेळ, उशिराचं कारण. मी एकदा विचारलं, हे कुणाला दाखवणार? "कोणालेच नाही," म्हणाला. "सवय आहे." काम मात्र चोख. एक नाव चुकलं नाही, एक रुसवा झाला नाही. गिऱ्हाईक खूश असायचं. मी त्याला कधी बरं म्हटलं नाही.

मग यंदाच्या मे महिन्यात माझ्या मयुरीचं लग्न आलं.

मुहूर्त बारा वीसचा. मंडप माझा, साउंड माझा, पत्रिकेवर प्रमुख उपस्थिती म्हणून भाऊसाहेबांचं नाव. भाऊसाहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. त्यांच्या शब्दावर मोठमोठ्या कार्यक्रमांचे मंडप मिळतात आणि ते मला हवे होते. हिंमत वर्दी न घालता आला होता, वाढायला उभा. वांग्याची भाजी, वरण आणि कणकेची बट्टी. ज्यानं खाल्ली त्यालाच माहीत, बट्टी गार झाली की ती तुपात बुडवली तरी दगड.

बारा वीस झाले. पाऊण झाला. भाऊसाहेबांचा ड्रायव्हर म्हणाला, निघालो. एक वाजता परत म्हणाला, निघालो. कूलर गरम हवा मारत होते. आमच्यात लग्न लागेपर्यंत मुलीचा आणि आईबापाचा उपास असतो. मयुरी सकाळपासून शालू नेसून खोलीत बसलेली. मी डोकावलो तर तिचा मेकअप कानांवरून ओघळत होता आणि ती पत्रिकेनं वारा घेत होती.

"बाबा, लावा ना आता," ती म्हणाली. "मले गरगरून राह्यलं."

"थोड्याच वेळात, बेटा," मी म्हणालो आणि ड्रायव्हरला फोन लावत बाहेर आलो.

पुंजाजी दाराशीच उभा होता, नवरीच्या मामाचं पूर्ण नाव विचारायला आलेला. त्यानं हे ऐकलं. माझ्याकडं पाहिलं, मग मनगटाकडं. चालत स्टेजवर गेला. मला वाटलं, नेहमीचं म्हणेल.

"कृपया लक्ष द्या. बारा वीसचा विवाह आता लागत आहे. मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. अक्षता सर्वांना मिळाल्या आहेत. जे पाहुणे पोचू शकले नाहीत, त्यांनी कृपया पुढच्या लग्नाला यावं."

आणि माईक भटजींच्या हातात दिला. भटजींना दुसरीकडं जायचंच होतं, त्यांनी श्वासही घेतला नाही. आठशे माणसं उभी राहिली. मामा मयुरीला घेऊन आला, अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं सुरू झाली. मी मुलीचा बाप, फोन कानाला लावून मंडपाच्या कडेला उभा, आणि माझी बायको मला स्टेजवरून खुणावत होती. मी पळत गेलो. शेवटच्या अक्षता पडल्या तेव्हा एक पंचवीस झाले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लग्नात टाळ्या वाजतातच, पण या टाळ्या पुंजाजीसाठी होत्या, ते मला कळलं.

भाऊसाहेब पावणेतीनला आले. पहिल्या पंगतींची ताटं धुऊन झाली होती. गाडीतून खाली न उतरता त्यांनी मंडपाकडं पाहिलं, काच वर केली आणि निघून गेले.

मी स्टेजवर चढलो. पुंजाजी नावांच्या यादीची घडी घालत होता. मी त्याच्या काखेतला माईक हिसकावला. तो चालू होता हे माझ्या लक्षात आलं नाही.

"निघ," मी म्हणालो. "निघ माह्या मंडपातून! तुनं माही जिंदगी नासवली, आता माह्या पोरीच्या लग्नात बी तेच केलं. पाच चाळीसची गाडी दोन मिनिटं आधी सोडली होती तुनं!"

चारही कोपऱ्यांच्या बॉक्समधून माझा आवाज फिरून माझ्याच अंगावर आला. नवरी-नवरदेव, व्याही, वाढपी, सगळे थांबले.

पुंजाजीनं शांतपणे विचारलं, "तारीख कोणती?"

तारीख मला पाठ होती. "अकरा डिसेंबर. दोन हजार साल."

"त्या दिवशीची पाच चाळीस मी पाच चव्वेचाळीसले सोडली," तो म्हणाला. माईक आमच्या दोघांमध्ये होता, सगळ्यांना ऐकू जात होतं. "भरतीची पोरं येऊन राह्यली होती, म्हणून चार मिनिटं थांबवली. त्याचा मेमो भेटला मले. साऱ्या सर्व्हिसमधला एकच मेमो, म्हणून याद आहे. तुमी पाच चव्वेचाळीसच्या बी मागून आले असान."

मी हिंमतकडं पाहिलं. त्यानं हातातली वरणाची बादली खाली ठेवली.

"मी बी त्या चार मिनिटातच चढलो होतो, शेखर," तो म्हणाला. "मावशीकडं झोप लागून गेली होती."

"पंचवीस वर्षं काऊन नाही सांगितलं बे?"

"तुले कोणीतरी पाहिजे होतं ना शिव्या द्यायले. मी कायले मधात पडू?"

त्या वेळी मी माफी मागायला पाहिजे होती, असं माझी बायको म्हणते. मयुरी सासरहून फोनवर अजूनही म्हणते. मी मागितली नाही. मी म्हणालो, "ते काही असो, तू निघ." पुंजाजीनं यादी माझ्या हातात दिली, डायरीत एक ओळ लिहिली आणि न जेवता गेला. फाटकाशी दोन-तीन म्हाताऱ्यांनी त्याचा हात धरला, जेवून जा म्हणाल्या. तो थांबला नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसलोच नसतो. कुण्या पोरानं त्याचं ते पुकारणं मोबाईलवर घेतलं होतं, पुढच्या लग्नाला यावं, ते. पावसाळाभर ते तालुक्यात फिरलं. तुळशीचं लग्न आटोपलं आणि बुकिंगला माणसं यायला लागली. मंडप बघायची, कमानी बघायची, आणि मग विचारायची, "माईकवर वायाळ साहेबच असतीन ना?" मी म्हणायचो, दुसरा चांगला माणूस आहे. ते म्हणायचे, विचार करून सांगतो. "आमच्याकडं बट्टी गरम गरम खायची आहे, भाऊ," एक जण तोंडावर म्हणाला. सगळे विचार करायलाच गेले. पंधरा दिवसांत सात तारखा हातच्या गेल्या.

शेवटी नाक मुठीत धरून मी फोन लावला. त्यानं उचलला. मी म्हणालो, वायाळ साहेब, झालं गेलं जाऊ द्या, बोलायचं आहे.

"उद्या सकाळी साडेसातले घरी या," तो म्हणाला.

मी सातलाच तयार होतो. गाडीवर बसलो, त्याच्या गल्लीच्या तोंडाशी सात पंचवीसला पोचलो, आणि तिथं गाडी बंद करून उभा राहिलो. मालकानं ठोक्याला दारात जायचं नसतं. गेला की तो गरजू दिसतो. मंडपाच्या धंद्यात मी हेच शिकलोय. पाच मिनिटं त्यालाही वाट पाहू दे, म्हटलं. एकदा तरी. मी तिथं उभा राहून अख्खा पेपर वाचला, राशिभविष्यासकट. एक जीप गल्लीतून बाहेर निघाली, तिच्या मागच्या काचेवर हिवरा आश्रम गावच्या कुठल्याशा मंडपवाल्याचं नाव होतं. मी बाजूला सरकून तिला वाट दिली.

मग त्याच्या दारात गेलो. कोकिळावहिनी अंगण झाडत होत्या. हातातला झाडू तसाच धरून त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"आत्ताच गेले ते," त्या म्हणाल्या. "हिवऱ्याचे लोक सातपासून बसले होते न्यायले. यायनं त्याहिले म्हटलं, साडेसातले एक माणूस येणार हाय, तो आला त तुमचं नाही जमाचं. मग तुमच्यासाठी चार मिनिटं उभे राह्यले दारात."

मी मोबाईल काढून पाहिला. सात पस्तीस झाले होते.